ऐंशीच्या खाली

मनमापीची पट्टी सुलभा वाघमोडेच्या कपाळाला तिसऱ्यांदा लागत होती, आणि कायद्यानं चौथी खेप नव्हती.

सुलभाला चौथा महिना होता. हृदय कमजोर. मूल ठेवलं तर बाळंतपणापर्यंत ती जगणार नाही, हे डॉक्टर फरहाना मुजावरांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. तिला ते पटलंही होतं. पण नुसतं पटून भागत नव्हतं.

मनमापी मेंदूतल्या लहरी मोजते. सांगितलेलं समजलं का आणि होकार किती ठाम आहे, हे ती शंभरपैकी आकड्यात दाखवते. कायदा करणारी माणसं वाईट नव्हती बरं का. पूर्वी बायका सासूच्या धाकानं न वाचताच सही करायच्या, म्हणून राज्यानं सहीच रद्द केली. गर्भपाताला दोन्ही आकडे ऐंशीच्या वर हवेत. झालं, डॉक्टरांच्या हातात काही उरलं नाही.

"आधी होकार एकसष्ट आला, मग चोपन्न," सुलभा म्हणाली. "मॅडम, मी तर हो म्हणतेय. मग घटतोय कसा?"

"तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून. दुःख काय नि शंका काय, यंत्राला दोन्ही सारखीच दिसतात. मी जितकं नीट समजावते तितकं तुमच्या मनाला लागतं आणि आकडा उतरतो."

"वाईट वाटणारच की. हवं होतं मला हे मूल."

"कळतंय हो मला. पण आता मन जरा शांत ठेवा."

आपण किती खुळ्यासारखं बोलतोय, याची डॉक्टरांना लाज वाटली. सरकारी ध्वनिफीत सुरू झाली. गर्भ केवढा, धोके कोणते, सगळं सावकाश. सुलभा डोळे मिटून बसली होती. पडद्यावर आकडा उमटला. होकार, ब्याण्णव.

डॉक्टरांनी सुटकेचा श्वास सोडला, तोच खालची ओळ आली. आकलन, अकरा. माहिती पोचलेली नाही. होकार अग्राह्य.

"सुलभाताई, तुम्ही ऐकत नव्हता?"

"एकोणतीसचा पाढा म्हणत होते मनात. वर्गात मुलं घाबरली की मी हेच करायला लावते." तिनं डोळे उघडले. "फीत मला पाठ आहे मॅडम. विचारा ना काहीही."

"मला विचारायचा अधिकार नाही."

यंत्रातून गरोदर मातेचं कार्ड आपोआप बाहेर आलं. सुलभानं त्याच्याकडे पाहिलं.

"मूल ठेवायला किती आकडा लागतो?"

"त्याला पट्टी लावत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला तुमची संमती लागत नाही."

कार्डावर बाळंतपणाची तारीख घालावीच लागते, म्हणून त्यांनी ती घातली. त्या तारखेपर्यंत ही बाई राहणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. सुलभानं कार्ड हातात घेतलं आणि तारीख वाचली. तिलाही ते नीट समजलं होतं.