चार बोटांच्या आत

माझा स्टुडिओ रहाटणीत, एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर. खाली पत्र्याचं प्रेस दिवसभर धाडधाड चालतं, म्हणून रेकॉर्डिंग फक्त गुरुवारी, वर्कशॉपच्या सुट्टीच्या दिवशी. त्या दिवशी इथे इतकं सामसूम असतं की माणसाला स्वतःचाच कंटाळा येतो.

अशाच एका गुरुवारी दुपारी भिमाबाई आल्या. सत्तरीच्या, गळ्याभोवती मफलर. त्यांचे यजमान भीमराज हे एका गायन पार्टीचे मुख्य गायक. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"सोमवारी घशाचं ऑपरेशन हाय. आवाजाची पेटीच काढणार म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं ह्यांच्या मागं कोरस धरला. आता एक गाणं माझ्या एकटीचं पायजे, दादा."

त्यांचा आवाज बारीक झाला होता, म्हणून मी कंडेन्सर माइक निवडला. तो श्वाससुद्धा टिपतो. त्या काचेपलीकडच्या खोलीत उभ्या राहिल्या, मी हेडफोन चढवला. पहिली ओळ सुरेख आली. दुसऱ्या ओळीत एक जड पुरुषी आवाज मिसळला.

खाली जाऊन पाहिलं. शटर बंद, गल्लीत चिटपाखरू नाही. कंडेन्सरला लांबचंही ऐकू येतं, कुठेतरी टीव्ही चालू असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि डायनॅमिक माइक लावला. त्याला चार बोटांपलीकडचं फारसं ऐकू येत नाही. गायकाचा एकट्याचा आवाज हवा तर हाच माइक.

"ओठांजवळ घ्या, मावशी."

आता तो आवाज आणखी स्पष्ट आला. मध्येच घेतलेला श्वास, दाढेत धरलेला तंबाखू, सगळं कळत होतं. म्हणजे तो चार बोटांच्या आत होता... त्यांच्या तोंडापाशी.

मी ते रेकॉर्डिंग त्यांना ऐकवलं. त्यांनी डोळे मिटले.

"ह्येच हायत..." मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "अहो, एक डाव मला एकटीला म्हणू द्या की... तुमी थांबा हितंच."

पुढचं रेकॉर्डिंग स्वच्छ आलं. फक्त त्यांचा आवाज.

तीन आठवड्यांनी त्या गाणं ऐकायला आल्या. गळ्याला पांढरी पट्टी. हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐकलं आणि माझ्या वहीत लिहिलं, 'हे कुठे आहेत?'

"तुम्हीच थांबायला सांगितलं होतं ना, मावशी."

त्या उठून काचेपलीकडे गेल्या. माइकसमोर उभं राहून त्यांनी तोंड उघडलं. पहिल्या ओळीइतका वेळ ओठ हलले, आवाज फुटला नाही. मला बघवेना. सवयीने मी हेडफोन कानाला लावला.

शांतता... आणि मग बरोबर जागेवर, त्याच जड पुरुषी आवाजात, दुसरी ओळ आली. त्यांच्या मागून, कोरस धरावा तशी.

मी धावत जाऊन आतल्या खोलीतला हेडफोन त्यांच्या कानाला लावला. त्या ऐकत राहिल्या, हसल्या, पुन्हा ओठ हलवू लागल्या.

माइक बंद करायला मी वाकलो. माइकची वायर मी तीन आठवड्यांपूर्वीच गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली होती.