मलमवाला आणि सुरीवाली

"अहो, खांबासारखे उभे काय राहिलात? या इकडे, नाड्या बांधा!"

असं ओरडली ती ठिणगी, हॉस्पिटलातली शिकाऊ डॉक्टर. घरचे तिला लहानपणापासून याच नावाने हाक मारायचे, आणि उगाच नाही मारायचे. हात कोपरापर्यंत धुतलेले, वर हातमोजे, दोन्ही हात छातीपुढे धरलेले. ऑपरेशनच्या खोलीत एकदा असे हात धुतले की कपाळावर माशी बसली तरी हाकलायची सोय नाही. अंगरख्याच्या पाठीमागच्या नाड्या दुसऱ्या कुणीतरी, न धुतलेल्या हातांनी बांधायच्या, ही तिथली रीत. आणि आत मोठे सर्जन खोळंबलेले... त्यांची जीभ त्यांच्या सुरीहून धारदार.

दारातला उंच माणूस निमूट पुढे आला. हिरवे कपडे, तोंडाला फडकं. तिथे सगळेच तसे. डॉक्टर कोण नि फरशी पुसणारा कोण, ओळखायचं कसं? त्याने मानेजवळची गाठ मारायला घेतली — सावकाश. बोट मानेला लागू नये म्हणून त्याने इतकं जपलं, की ते जपणंच तिला जाणवलं.

"घट्ट की सैल, बाई?"

"शिवणकाम काढलंय का? आवरा लवकर!"

"सुटली तर बोलणी तुम्हालाच बसतील," तो म्हणाला, आणि फडक्याच्या वर त्याचे डोळे हसले.

ऑपरेशन संपल्यावर उजेड पडला. नाड्या बांधणारा शिपाई नव्हता, त्वचारोगाचा डॉक्टर होता, तिच्याहून वरचा! एका रोग्याला चिकटपट्टीने फोड आले होते, ते बघायला त्याला बोलावलं होतं. हॉस्पिटलात सगळे त्याला मलमवाला म्हणायचे. ठिणगीने कॅन्टीनमध्ये गाठून त्याची माफी मागितली. म्हणजे तिच्या पद्धतीने.

"सांगायला तोंड नव्हतं का तुम्हाला?"

"होतं की. फडक्याखाली होतं."

ठिणगीने ओठ दाबले, पण हसू फुटलंच. पोरींनो, लक्षात ठेवा, भांडायला गेलेली पोर हसत परत आली की समजावं, पाय घसरला.

मग रोज गाठ पडू लागली. तो बसून, चावून चावून जेवायचा. ती उभ्याउभ्या घास कोंबायची. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, दोघांनाही सांगता येणार नाही.

"काय रे, एवढा हुशार तू. मुरुमं बघायची नि दिवे लागायच्या आत घरी... लाज नाही वाटत?"

"ज्याला खाज सुटून झोप लागत नाही ना, त्याला विचार लाज कशाची ते." त्याने ताट बाजूला सारलं. "माझे वडील सर्जन होते. लोक त्यांना देव मानायचे. मला मात्र त्यांची पाठच आठवते, दाराबाहेर जाणारी. मी ठरवलं, आपल्या माणसांना आपला चेहरा आठवला पाहिजे."

ठिणगीने हातातला घास ताटात परत ठेवला. कारण तिला सुरीच हवी होती. चहाचा कप धरताना थरथरणारे तिचे हात टेबलावर रोगी आला की दगडासारखे स्थिर व्हायचे. हे ती कुणाला समजावून सांगणार?

पुढच्या शिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला आणि तिचा नंबर असा वर आला, की मागेल ती शाखा मिळावी. आईवेगळ्या पोरीला वाढवणाऱ्या आत्याने लगेच निकाल देऊन टाकला.

"त्वचा घ्यायची. अवेळी बोलावणं नाही, रक्त नाही, घरदार सांभाळून होतं. वरच्या नंबराची पोरं त्यावर उड्या मारतात ती काय वेडी आहेत?"

"आणि सुरी?"

"सुरी आहे की स्वयंपाकघरात!"

एवढ्यावर थांबेल ती आत्या कसली! ती मलमवाल्याच्या आईला जाऊन भेटली. दोघींचं बघताबघता जुळलं. लग्न, एक दवाखाना, एक पाटी, शेजारी शेजारी दोन खुर्च्या. पडद्याचा रंगसुद्धा ठरला. विचारलं नाही ते फक्त पोरीला.

ठिणगी तडक मलमवाल्याकडे गेली. "तू काय म्हणतोस?"

"मी नाही सांगणार."

"का?"

"सांगितलं तर तू माझ्यासाठी निवडशील... नाहीतर माझ्यावर चिडून. दोन्ही वाईट."

"भित्रा आहेस तू!" असं म्हणून ती निघून आली. डोळे मात्र भरून आले होते. सुरी घेतली तर हा जाणार, आणि सुरी सोडली तर... मग ह्याच्यासमोर उरणार कोण? नुसती सांगेल तिथे बसणारी बाई?

निवडीच्या दिवशी मोठ्या दालनात नंबराप्रमाणे पुकारत होते. समोर जायचं, माइकवर शाखेचं नाव सांगायचं. मागच्या खुर्च्यांवर घरची माणसं. ठिणगीचा नंबर आला.

कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "त्वचा ना?"

"नाही. शस्त्रक्रिया."

आता त्याने मान वर केली. "नीट विचार करा, बाई. नंतर मागे फिरता येत नाही."

"मागे फिरायचंय कुणाला? लिहा तुम्ही."

दालनभर कुजबुज उठली. मागून आत्याचं "अगं बाई!" सगळ्यांना ऐकू गेलं.

बाहेरच्या व्हरांड्यात आत्याने तिला गाठलं. "नाक कापलंस माझं!"

"शिवून देईन, आत्या. तेच तर शिकायला चाललेय."

मलमवाल्याची आई ओरडली नाही. ते ओरडण्याहून वाईट. ती एवढंच म्हणाली, "मुली, तुझ्यावर राग नाही माझा. पण मी जन्मभर ताट झाकून दाराकडे डोळे लावून बसले. तेच माझ्या लेकाच्या वाट्याला यावं?"

 तेव्हा गर्दीतून मलमवाला पुढे आला.

"आई, तुला कुणी विचारलं नव्हतं. तुला बसावं लागलं. मी आपणहून बसणार आहे. माझा वेळ मी राखून ठेवलाय, तो कुणावर उधळायचा ते मीच ठरवणार. घरात एक माणूस लागतं ना? मी आहे की!"

"पुरुषासारखा पुरुष, आणि..." आत्या पुटपुटली.

"पुरुषच आहे, आत्याबाई. भाजीही बरी करतो."

ठिणगी त्याच्याकडे बघत राहिली. "मग हे आधी का नाही बोललास?"

"आधी बोललो असतो तर निवड अर्धी माझी झाली असती. आता ती अख्खी तुझी आहे."

व्हरांडा माणसांनी भरलेला. दोन्ही घरच्या बायका समोर उभ्या. पण ठिणगीला आता कुणाची भीड?

"लग्न करशील माझ्याशी?" तिने खणखणीत आवाजात विचारलं. "पटकन सांग. उद्यापासून मला वेळ नाही."

त्याने तिचा थरथरणारा हात हातात घेतला. अजिबात घाई न करता.

"मला आहे," तो म्हणाला. "भरपूर आहे."