घशातली भाऊबंदकी

पुण्याच्या विमानतळावर आता पासपोर्ट दाखवण्याआधी फुंकर मारावी लागे. नळीत श्वास सोडायचा, ‘श्वासदर्शी’ यंत्रावर हिरवा दिवा लागला की पुढे सरकायचं. नादिरा सारंग यांनी फुंकर मारली आणि दिवा पिवळा झाला.

श्रीवर्धनच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या नादिराबाई नैरोबीहून मुलाचं लग्न आटोपून परतत होत्या. इकडे लेकीला, सनाला, मुलगी झाली होती. नातीला त्यांनी अजून हातातही घेतलं नव्हतं. विलगीकरण कक्षात नेऊन बसवल्यावर त्या वैतागल्याच.

“मला साधी शिंकही आलेली नाही, डॉक्टर!”

“तीच तर पंचाईत आहे.” डॉ. वैखरी ढोबळे खुर्ची ओढून जवळ बसल्या. “मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जीवाणू तुमच्या घशात आहे. मेनिंगोकॉकस. बहुतेकांच्या घशात तो गुपचूप राहतो. पण एखाद्याच्या रक्तात उतरला, की माणूस हाताला लागत नाही.”

“मग गोळ्या द्या.”

“पूर्वी दिल्या असत्या. हा नवा प्रकार देशोदेशी औषधं पचवत आलाय. इंजेक्शनांनाही दाद देत नाही. लस त्याला ज्या कवचावरून ओळखते, तेही त्यानं बदललंय.”

संध्याकाळी मुलाचा, फैजानचा, फोन आला. नवरीची चिमुरडी भाची अमानी मेंदीच्या दिवशी नादिराबाईंच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटात जेवली होती.

“अम्मी, अमानी गेली. काल ताप आला, अंगावर जांभळे डाग उठले, आणि आज...”

फोन बंद झाल्यावरही नादिराबाई तो कानाशी धरून बसल्या होत्या. डॉक्टर आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “माझ्यामुळे?”

“कुणीच सांगू शकणार नाही. कदाचित तिच्याकडूनच तुम्हाला आला असेल.”

नादिराबाईंना त्यानं बरं वाटलं नाही. अमानीचं हसणं डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

“हा घालवायचा काहीच उपाय नाही?”

“एक आहे. नाकात थेंब घालायचे. त्यात याचाच एक निरुपद्रवी भाऊबंद असतो, लहान मुलांच्या नाकात एरवीही सापडतो तसला. आम्ही त्याला जास्त चिवट केलंय. तो जागेवर हक्क सांगतो आणि याला हुसकून लावतो.”

“म्हणजे घशात भाऊबंदकी लावायची!” एवढ्या दुःखातही त्यांच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टर हसल्या, मग गंभीर झाल्या. “पण तोही जिवंत आहे, बाई. बोलण्यातून, खोकल्यातून तो इतरांकडे जाणार. आजवर कुणाला अपाय झालेला नाही. मात्र जीवाणू एकमेकांचे गुण उचलतात. पुढे कधीच बिघडणार नाही, असं मी शपथेवर सांगू शकत नाही.”

नादिराबाईंनी सनाला फोन लावला, सगळं सांगितलं. पलीकडे बाळ कुरकुरत होतं.

“अम्मी, इतक्यात नको येऊस,” सना म्हणाली आणि रडू लागली.

“नाही येत, बाळा. पण थेंब घेते. निदान आणखी कुणाची अमानी माझ्यामुळे जायला नको.”

थेंब घेतल्यावर दोन आठवड्यांनी श्वासदर्शीवर हिरवा दिवा लागला. दाराबाहेर सना उभी होती, कडेवर बाळ.

“बाळाच्या डॉक्टरांशी बोलले मी. घे तिला.”

नादिराबाईंनी नातीला छातीशी धरलं. तिच्या टाळूवर गाल टेकवला तेव्हा मास्क ओला झाला.

टॅक्सीत बसल्यावर ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. “बाई, मास्क काढा की. काचा बंद आहेत, गुदमराल.”

नादिराबाईंचा हात मास्कपर्यंत गेला आणि थांबला. घशातला नवा भाऊबंद आपल्या बाळाकडे गेला तरी चालेल, असं सनानं म्हटलं होतं. या माणसानं नव्हतं. यंत्राच्या लेखी तर त्या आता निर्धोक होत्या, त्यांना कुणी काही विचारणार नव्हतं.

“दादा, आधी एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “ऐका, आणि मग तुम्हीच ठरवा.”

ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. त्यानं ‘हो’ म्हटलं, तरी संध्याकाळी तो ज्या घरी परतणार होता, तिथल्या माणसांना कोण विचारणार होतं?