पुढच्या गावाची दुमड

माझं आणि हर्षलचं पहिलं भांडण वीतभर कापडावरून झालं. चूक त्याचीच होती, हे मी आजही म्हणते. तोही मान्य करतो, पण इतकं हसत मान्य करतो की जिंकल्याचं समाधान काही मिळत नाही.

डिसेंबरची संध्याकाळ होती. भोपाळला थंडीत मध्येच पाऊस येतो. इथले लोक त्याला मावठा म्हणतात आणि लगेच भजी तळायला घेतात. मी मात्र छत्री न घेता जवाहर चौकात उभी होते. बाबांची बदली होऊन आम्ही नुकतेच इथे आलो होतो. सोनागिरीजवळच्या कारखान्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालं होतं आणि आईने शिवायला टाकलेले पडदे मला घरी न्यायचे होते. ओढणी डोक्यावर घेऊन मी पळतच ‘मुळमुळे पडदेवाले’मध्ये शिरले.

आईने पडदे टाकले होते मुळमुळेकाकांकडे. पण त्यांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुकानात त्यांचा मुलगा हर्षल उभा होता. उंच, सावळा, गळ्यात मापाची टेप.

“नाव?” त्याने विचारलं.

“गोविंद पाटणकर.”

“वाटत नाही,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

“बाबांचं नाव आहे ते. मी शमिका.”

“हां, हे वाटतं.”

मी हसू दाबलं आणि पडदा उलगडून खालची कड चाचपली. हसू तिथेच संपलं.

“दुमड कुठे गेली?”

“कोणती दुमड?”

“वीतभर कापड आत दुमडून कच्ची टीप घालायला सांगितली होती आईने.”

“अच्छा, ते!” त्याचा चेहरा उजळला. “मी कापून टाकलं. मला वाटलं, काकूंचं माप चुकलं. मतलब, इतकं कापड आत कोण ठेवतं? त्यात एखादं लेकरू झोपेल.”

बदलीच्या घरात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडलाच नसता. प्रत्येक गावच्या क्वार्टरची खिडकी वेगळी. झाशीची बुटकी, हरिद्वारची उंच, हैदराबादची तर दाराएवढी. म्हणून आई प्रत्येक पडद्याच्या पोटात वीतभर कापड राखून ठेवते. नवं गाव आलं की उसवायचं, हवं तेवढं सोडायचं आणि पुन्हा टीप घालायची.

“ते पुढच्या गावासाठी होतं,” मी म्हणाले.

“पुढच्या म्हणजे?”

“पुढची बदली होईल तेव्हा.”

तो माझ्याकडे बघतच राहिला. “अहो, पण तुम्ही तर आत्ता आलात! अजून तलावसुद्धा धड पाहिला नसेल, आणि जायची तयारी करून राहिल्या? आमच्या भोपाळने काय बिघडवलंय तुमचं?”

“भोपाळने नाही. तुमच्या कात्रीने.”

यावर तो असा मोकळेपणाने हसला, की माझा राग अर्धा तिथेच वितळला. उरलेला अर्धा मी मोठ्या मुश्किलीने घरापर्यंत नेला.

रविवारी तो स्वतः आला. चूक निस्तरायला त्याने सगळ्या पडद्यांना खालून मोरपिशी रंगाची, आत वीतभर दुमड राखलेली रुंद पट्टी जोडली होती. ती मूळ पडद्यापेक्षा देखणी दिसत होती, हे आईलाही कबूल करावं लागलं. पडदे लावून झाल्यावर चहा घ्यायला तो आमच्या दिवाणावर बसला आणि बसल्या बसल्या चादरीखाली डोकावला.

“ही तर खोकी आहेत!”

“बदलीची खोकी,” माझा धाकटा भाऊ प्रतीक म्हणाला. तो तेव्हा आठवीत होता. “सामान काढलं की यांचा दिवाण होतो. बदली आली की दिवाणाची परत खोकी.”

खोक्यांच्या फळ्यांवर बाबांचं नाव रंगवलेलं होतं आणि त्याखाली एकेक गाव खोडून पुढचं लिहिलेलं. हर्षलने सगळी गावं वाचली. सगळ्यात खाली, अजून न खोडलेलं ‘भोपाळ’ होतं. त्यावर त्याने अंगठा फिरवला.

“हा रंग पक्का आहे का हो?” त्याने विचारलं. आईला, पण माझ्याकडे बघत.

इथून पुढे काय झालं, ते सांगायला मला फार आवडतं. मला साकेत नगरच्या मोठ्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली. मुळमुळेकाकांचं डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना त्यांच्या मुलाला खांद्याच्या व्यायामासाठी माझ्याकडे यावंसं वाटलं. खांद्याला काहीही झालेलं नव्हतं.

“कुठे दुखतं?”

“इथे.”

“हा खांदा नाही.”

“मतलब, खांद्यापासून जवळच आहे ना!”

मी त्याला भिंतीकडे तोंड करून हात वर-खाली करायला लावले. तोही पठ्ठ्या, तीन वेळा आला. मग मीच म्हणाले, की यापुढे भेटायचं तर हॉस्पिटलच्या बाहेर भेट, इथे खरे रुग्ण थांबलेत.

त्याने मला भोपाळ दाखवलं. जुन्या शहरातला मिठाचा चहा पाजला आणि माझं तोंड वाकडं झालेलं बघून माझा कपही स्वतःच संपवला. मी त्याच्या मराठीची थट्टा करायची, तो माझ्या मराठीची.

“तू बोलते तर वाटतं, बातम्या लागल्यात,” तो म्हणायचा.

“आणि तू बोलतोस तर वाटतं, अर्धं नागपूर, अर्धं भोपाळ आणि मराठी वाटेत उतरलीय.”

त्याच्या दुकानात कापड कापायच्या टेबलावर एक दगडी वरवंटा असायचा. कापड सरकू नये म्हणून ठेवलेला. एकदा मी विचारलं, हा कुठून आला?

“आजीचा,” तो म्हणाला. “छप्पन साली मध्य प्रदेशची राजधानी इथे आली, तेव्हा आजोबा नागपूरच्या कचेरीबरोबर आले. दोन वर्षांत परत जाऊ, असं आजीला सांगून. ती बिचारी कपाट घेईना, झाड लावेना. सगळा संसार ट्रंकेत. आणि एक दिवस बाजारात गेली आणि पाटा-वरवंटा घेऊन आली. आजोबा समजून गेले. जायचं असतं तर एवढा दगड कोण विकत घेतं?”

मी वरवंटा उचलून पाहिला. चांगलाच जड होता. माझ्या आईने आयुष्यात इतकी जड वस्तू कधी घेतली नव्हती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

आम्ही दोघांनी एकमेकांना काहीच सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही वाटत नव्हती. मुळमुळेकाका मला बघितलं की आपोआप चहा सांगायचे, आणि माझ्या पावलांना जवाहर चौक पाठ झाला होता. पहिल्यांदाच एखाद्या गावात मी रस्ता न विचारता चालत होते.

आणि प्रतीक नववीत असताना, मार्चमध्ये, बाबा पेढे घेऊन घरी आले. बढती. तिरुचिरापल्ली. प्रतीकची दहावी सुरू होण्याआधी पोहोचायचं होतं.

आमच्याकडे बदलीची चर्चा होत नाही. बाबा पेढे ठेवतात, आई दिवाणावरची चादर काढते, आणि घर हलायला लागतं. त्या संध्याकाळी आईने खोलीतला पहिला पडदा उतरवला आणि ब्लेड घेऊन उसवायला बसली. बाबा म्हणाले, “शमू, नोटीस द्यावी लागेल ना तुला? तिकडेही मोठी हॉस्पिटलं आहेत. आपण सगळे एकत्र हलतो, तेच बरं.”

मी पेढा तोंडात धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्या संपल्या मी दुकान गाठलं. हर्षलला सांगितलं. त्याने हातातली कात्री खाली ठेवली. गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, उलगडली, परत गुंडाळली.

“तिकडच्या खिडक्यांचं माप कळव,” तो शेवटी म्हणाला. “पडदे मी करून देईन.”

“एवढंच?”

“अजून काय?”

“तुला काहीच म्हणायचं नाही?”

“म्हणायचं तर खूप आहे, यार…” त्याने टेप टेबलावर ठेवली. “पण मी थांब म्हणणार नाही, शमिका. तुझे आईबाबा, प्रतीक, सगळे जाणार. उद्या तुला त्यांची आठवण आली की तू माझ्याकडे बघशील आणि वाटेल, याने थांबवलं. आमच्या आजीला कुणी विचारलं नव्हतं. तुझं तू ठरव. बिलकुल तुझं तू.”

मला इतका राग आला! माणसाने शहाणं असावं, पण नेमकं त्याच दिवशी? मी तरातरा बाहेर पडले. चालत चालत पार रोशनपुऱ्याच्या चढापर्यंत गेले, आणि तिथे धाप लागल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. एक, त्याचं बरोबर होतं. दोन, माझं ठरलेलं होतं.

मी परत फिरले. तो शटर अर्धं ओढून तिथेच उभा होता.

“ऐक,” मी म्हणाले. “मी थांबणार आहे. तू थांब म्हणाला नाहीस, त्यामुळे तुझ्यावर खापर फोडायची सोय राहिलेली नाही. मला माझं काम आवडतं. हे शहर आवडतं. आणि तू मला फार आवडतोस. मिठाच्या चहासकट. आता बोल.”

त्याने शटरवरचा हात काढला. शटर धाडकन खाली आलं आणि आम्ही दोघंही दचकलो.

“मी तर,” तो म्हणाला, “त्या पहिल्या दिवशीच… मतलब, दुमड कापली ना, तेव्हापासूनच वाटून राहिलं होतं की बरं झालं कापली.”

घरी सांगणं इतकं सोपं नव्हतं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत बसले. “म्हणजे या वेळी खोक्यात तुझं सामान नाही,” एवढंच म्हणाले. हर्षलबद्दल मी स्पष्ट सांगितलं, तेव्हा आई उठून स्वयंपाकघरात गेली. सगळ्यात कठीण प्रतीक होता. प्रत्येक नव्या गावात पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघं समोसे शोधायला निघतो. सामान तसंच टाकून, रस्ते माहीत नसताना. तेवढ्या फेरीत गाव ओळखीचं होतं आणि त्याची भीती जाते. लहानपणापासून आमचं हेच चाललंय.

“मग या वेळी समोसे मी एकट्याने शोधायचे?” त्याने विचारलं.

“तिकडे वडे शोध. आणि फोन चालू ठेव, मी इकडून बरोबर चालते.”

तो हसला नाही. मीही नाही. त्याच्या ओठावर नुकतं मिसरूड फुटलं होतं. मी त्याला जवळ घेतलं आणि दोघंही पोटभर रडलो. माझं ठरलं होतं ते बदललं नाही, पण त्याची किंमत काय आहे ते मला त्या मिठीत कळलं.

साकेत नगरमध्ये मी एक लहानशी जागा भाड्याने घेतली. एक खोली, एक खिडकी, समोर कडुनिंब. निघायच्या आधीच्या रविवारी आई म्हणाली, “चल, तुझ्या खिडकीला पडदा टाकून येऊ.” दुकानात शिरताना मीच पुढे झाले. आई हर्षलशी अजून धड बोलली नव्हती.

तिने कापड निवडलं. पिवळसर, बारीक फुलांचं. माझ्या खिडकीचं माप सांगितलं आणि सवयीने पुढे म्हणाली, “आणि खाली वीतभर…”

“नको, आई,” मी म्हणाले. “खिडकीच्या मापानेच.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग हर्षलकडे. तो कानापर्यंत लाल झाला होता. तिने टेबलावरचा वरवंटा दोन्ही हातांनी उचलला, त्याचं वजन जोखलं आणि कापडाच्या टोकावर नीट ठेवून दिला.

“मग सरळ काप रे,” ती त्याला म्हणाली. “मागच्या वेळी तिरका कापला होतास.”

आई त्याला ‘अहो’ म्हणायची. त्या दिवशी पहिल्यांदा ‘अरे’वर आली. हर्षलने मान डोलावली, कात्री उचलली आणि सरळ रेषेत, श्वास रोखून कापड कापलं. मी त्याच्या हातांकडे बघत होते, आणि मला जराही भीती वाटत नव्हती.

“आता आमचे,” आईने पिशवीतून आमचे जुने, मोरपिशी पट्टीचे पडदे काढले. “तिकडच्या खिडक्या बुटक्या आहेत म्हणे. हे वर घ्यायचेत. पण उरलेलं कापू नकोस. आत दुमडून कच्ची टीप घाल.”

“वीतभर ठेवू ना, काकू?”

“वीतभर कशाला?” आई म्हणाली. “यांच्या निवृत्तीला आता फार दिवस राहिले नाहीत. तिकडून निघालो की पुढचं गाव कुठलं, ते या वेळी मला ठाऊक आहे. इथल्याच एखाद्या घराच्या खिडकीला पुरेल एवढं ठेव. माप तूच घेऊन ठेव रे. तुला इथल्या सगळ्या खिडक्या माहीत आहेत.”

हर्षलने मान खाली घातली आणि टेप उलगडली. त्याला आकडे दिसत नव्हते, हे मला दिसत होतं. मी टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेले आणि टेपचं दुसरं टोक धरलं.