पहिल्या पायरीपासून

जेवणं आटोपून पोरं ओसरीवर बसली. बाहेर मिट्ट काळोख होता. नत्थूजींनी आपल्या साडूची, रुपरावांची गोष्ट काढली.

पारशिवनीकडच्या त्यांच्या गावात एक जुनी दगडी बावडी, पायऱ्यांची विहीर, आहे. संरक्षित. तिच्यापासून शंभर मीटरच्या आत वीटही रचायची नाही. रुपरावांचं मातीचं घर पावसात बसलं होतं. बायको प्रयागबाई टिनाखाली दिवस काढत होती. नव्या घराचं जोतं झालं आणि कोणीतरी तक्रार केली. बावडीच्या कुंपणापासून मोजलं तर सत्त्याण्णव मीटर. उद्या पुरातत्त्वचा साहेब येणार. कमी भरलं, की जोतं उखडणार.

"आजोबा, नियम सांगून राहिले का भूत?" नात हर्षा करवादली.

"नियमातच भूत हाय वं. आयक."

रुपरावांना एकच आशा होती. कुंपणापासून नव्हे, बावडीच्या पहिल्या पायरीपासून मोजलं तर तीन-चार मीटर वाढतील. साहेबाशी भांडण्याआधी खात्री हवी. दिवसा लोक हसले असते. म्हणून रात्र धरली. तीस डिसेंबर, दोन हजार चोवीस. सोमवती अमावस्या. पावणेबारा वाजलेले. प्रयागबाईचा भाऊ मार्तंड मोजायच्या लांब फितीची कडी धरून बावडीकडे गेला. रुपराव बॅटरी घेऊन जोत्यावर उभे राहिले.

"मार्तंड, पयल्या पायरीवर ठेवली का गा?"

"ठेवली..."

फीत ताणली. उजेडात आकडा आला. शंभर, आणि वर एक वीत.

"जितलो!" रुपराव हसले.

फीत सरकली. एकशे एक. एकशे दोन.

"बस झालं! पायऱ्या काहून उतरून राहिला?"

एकशे चार. एकशे सात...

मागून खांद्यावर हात पडला. मार्तंड.

"भाऊजी, फाटकाले कुलूप हाय. मी आत गेलोच नाही. कडी कुंपणाले अडकवली न् वापस आलो."

...

हातातली फीत सरकतच होती. हळू. कोणी एकेक पायरी उतरावं तशी.

मग थांबली.

बावडीकडून, खालून आवाज आला. मार्तंडचाच. मार्तंड तर शेजारी होता. तोंड मिटून.

"पुरते का, भाऊजी...? का अजून उतरू?"

रुपराव फीत टाकून पळाले.

सकाळी साहेब आला. त्यानं मोजमाप सुरूच केलं नाही. जोत्याला खेटून एक काळी, घडीव पायरी जमिनीत रुतली होती. शेवाळलेली. बावडीच्या पायऱ्या त्यानं दोनदा मोजल्या. अठराच्या अठरा जागेवर. ही एकोणिसावी, आणि हिच्यापासून मोजलं तर अंतर शून्य.

ओसरीवर पोरं एकमेकांना खेटली. मग हर्षानंच हळू विचारलं, "अन् घर?"

"कुठचं घर, पोरी. प्रयागबाई अजून टिनाखालीच हाय." नत्थूजी म्हणाले. "ते पायरी कोणी हलवली नाही. मे महिन्यात गेलो होतो मी. बावडी कोरडी ठण्ण होती. अन् पायरी... ओली."