दोन अढ्या

बारा आंबे मोजून खोक्यात ठेवले, खोलीला बाहेरून कडी घातली, आणि दोन दिवसांनी ते अकरा झाले. बोला आता!

शाल्मलीने गवत पुन्हा चाचपलं. खोक्याच्या चारही कोपऱ्यांत हात घालून पाहिला. उंदीर म्हणावा, तर साल नाही की कोय नाही. शिवाय कडी काढून आंबा न्यायचा आणि जाताना पुन्हा कडी घालायची, इतका शिस्तीचा उंदीर दापोलीत अजून जन्माला यायचा होता.

साधे आंबे असते तर तिने एवढा घोर लावून घेतला नसता. पण हे दुधगोडीचे आंबे होते. दुधगोडी ही आंब्याची जुनी जात. तिचं शेवटचं झाड वादळात पडलं, तेव्हा शाल्मलीच्या आजोबांनी, म्हणजे नानांनी, त्याची एक काडी आणून परसात कलम बांधलं (कलम म्हणजे एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर जोडणं, वर वाढणारं झाड मग काडीच्याच जातीचं होतं). नाना वनस्पतिशास्त्रज्ञ. आठ वर्षं त्यांनी त्या झाडाला लेकरासारखं जपलं. यंदा पहिल्यांदाच फळ धरलं आणि रविवारी बारा आंबे उतरवले.

पुढच्या रविवारी जातसंग्रहाच्या तज्ज्ञ संयोगिता खोत येणार होत्या (जातसंग्रह म्हणजे दुर्मीळ होत चाललेल्या पिकांच्या जाती जपणारी संस्था). अढीतून थेट काढलेला, नेमका पिकलेला आंबा त्या चाखणार. पसंत पडला तर दुधगोडीची शंभर कलमं होणार. नाही पडला तर अख्ख्या जगात तिचं एकच झाड उरणार, आणि त्याला जपणारे नाना आता पंचाहत्तरीचे.

अढी म्हणजे आंबे पिकवायची गवताची गादी. खाली गवत, त्यावर कैऱ्या, वर पुन्हा गवत. “अढी सारखी उघडायची नाही हं,” असं नानांनी बजावलं होतं. शाल्मली रोज चोरून उघडत होती. त्यामुळे आंबा गेल्याचं सांगायचं तरी कोणत्या तोंडाने?

संशय मात्र तिला पहिल्या दिवसापासून एकाचाच होता. झेलूचा.

झेलू हा यंत्रमानव. कंबरेएवढा उंच, चार चाकं, पाठीवर टोपली, आणि एकच लांब हात. त्या हाताच्या टोकाला झेला (आंबे उतरवायची, पातं लावलेली जाळी). देठ ठेवून आंबा काढण्यात गडी पटाईत. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि डाग पडतो. झेलूने एकही देठ तोडला नाही, फक्त दोन आंबे तेवढे फांदीवर आपटले.

“मुद्दाम आपटले असणार,” शाल्मली मनाशी म्हणाली होती.

कारण झेलू जुन्या बाजारातून आणलेला होता, आणि त्याचा आधीचा मालक आंब्यांचा व्यापारी! इतकी दुर्मीळ जात त्या व्यापाऱ्याला नको असेल? झेलू अजून त्याचाच माणूस नसेल कशावरून? माणूस म्हणजे आपलं, यंत्र. शाल्मलीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

गुरुवारी दुपारी नाना जेवून आडवे झाले. शाल्मली पाण्याच्या टाकीमागे दबा धरून बसली. थोड्या वेळाने झेलू आवाज न करता खोलीपाशी आला. झेल्याने कडी काढली. आत गेला. बाहेर आला तेव्हा टोपलीवर केळीचं पान झाकलेलं होतं! कडी घालून स्वारी परसाच्या पार टोकाला निघून गेली. शाल्मली धावत आत गेली आणि आंबे मोजले. दहा.

“चोर कुठला!”

आता त्याला सरळ विचारायचं की नाही? पण चोर कधी खरं सांगतो का, असं म्हणून तिने विचारलंच नाही. त्याऐवजी तिने तीन छान आंबे निवडले, जाळीच्या पिशवीत घातले आणि पिशवी दोरीने विहिरीत सोडली, पाण्याच्या हातभर वर. झेलू पडायच्या भीतीने विहिरीच्या कठड्याजवळ फिरकत नसे. निदान तीन तरी वाचले!

रविवार उजाडला आणि सकाळीच खोतबाईंचा फोन आला. वाऱ्यामुळे उडती बस रद्द झाली होती. आता एकदम गुरुवारी.

नाना खोलीत गेले. त्यांनी गवत बाजूला केलं, आणि घमघमाटाने खोली भरून गेली. सात पिवळेधमक आंबे! नानांनी एक हातात घेऊन हलकेच दाबला.

“आज सोनं आहेत, आज. गुरुवारपर्यंत लगदा होईल. फ्रिजमध्ये ठेवले तर चव जाईल.” ते तिथल्या स्टुलावर मटकन बसले. “आठ वर्षं, शाल्मले. आणि चार दिवसांनी हुकलं.”

नानांचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात झेलू दारात आला. “नोंदीत बारा आंबे. मी दोन काढले. अढीत सात. तीन कमी.”

“ऐकलंत, नाना?” शाल्मली उसळली. “स्वतःच्या तोंडाने सांगतोय! त्या व्यापाऱ्याकडे पाठवले त्याने!”

“अगं, ते दोन त्याने मला सांगूनच काढले. आपटलेले होते ना, माश्या बसू नयेत म्हणून पान झाकून त्यांना खतखड्ड्याजवळ नेऊन ठेवलं.”

“मग तुम्ही झोपल्यावर कशाला?”

“दुपारी खोली सगळ्यात गरम. त्याच्या वासाच्या संवेदकाला (वास, उष्णता ओळखणारा भाग) तेव्हाच नीट मोजता येतं. मीच वेळ ठरवून दिली, आणि मला उठवू नको म्हणालो.” नानांनी मान हलवली. “पोरी, हा आल्यापासून तुझ्या मनात याच्याबद्दल अढी आहे.”

झेलूचा दिवा लुकलुकला. “शाल्मलीकडे दुसरी अढी आहे? मग तीन आंबे तिथेच असतील. त्या अढीचं तापमान किती?”

नानांना एवढ्या दुःखातही हसू फुटलं. यंत्राला बिचाऱ्याला काय ठाऊक, की मनातल्या रागाला, संशयालाही आपण अढीच म्हणतो! शाल्मली मात्र हसली नाही. तिचे कान लालबुंद झाले.

“आहेत,” ती पुटपुटली. “माझ्याकडेच आहेत ते तीन.”

आणि मग तिला रडूच कोसळलं. रडत रडतच तिने सगळं सांगितलं आणि धावत जाऊन विहिरीतली पिशवी वर ओढून खोलीत आणली. आंबे हिरवेगार, दगडासारखे टणक! रडणं अर्ध्यावर सोडून ती बघतच राहिली.

“नाना, एकाच झाडाचे, एकाच दिवशी काढलेले. मग ते पिवळे आणि हे असे कसे?”

नानांचे डोळे चमकले. “आंबा पिकू लागला की त्याच्यातून इथिलीन निघतो (डोळ्यांना न दिसणारा, फळं पिकवणारा वायू). त्याने तो स्वतः पिकतोच, शेजाऱ्यालाही पिकवतो. शेजारी पिकू लागला की तोही वायू सोडतो.”

“म्हणजे एकाने सगळ्यांना हाक मारायची?”

“आणि गवत ती हाक बाहेर जाऊ देत नाही. आत ऊबही राहते. म्हणून तर अढी लावायची! आपटलेलं फळ जरा जास्तच वायू सोडतं. ते दोन आत राहिले असते, तर बाकीचे शुक्रवारीच पिकून गळाले असते.”

शाल्मलीने झेलूकडे पाहिलं. म्हणजे तो आंबे वाचवत होता, आणि ती त्याच्यावर पाळत ठेवून होती! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“विहिरीत गारवा,” ती सावकाश म्हणाली, “म्हणून यांचं पिकणं मंदावलं. आणि हाक मारायलाही कोणी नव्हतं. नाना! आता यांना पिकलेल्या आंब्याशेजारी ठेवलं तर?”

“गुरुवार!” नाना स्टुलावरून उठलेच.

त्यांनी नवी अढी लावली. पिकलेल्यांतला एक मध्ये, दोन हिरवे त्याच्या दोन बाजूंना. तिसरा शाल्मलीने परत विहिरीत सोडला. “तुलना करायला नको का?” ती म्हणाली, आणि नानांनी तिच्या पाठीवर थाप मारली. उरलेल्या सहा आंब्यांचं काय झालं, हे आमरसाचं पातेलं चाटूनपुसून साफ करणाऱ्या शाल्मलीलाच विचारा.

रोज दुपारी झेलू वास घ्यायचा, वायूचा आकडा सांगायचा आणि शाल्मली तो वहीत लिहायची. आकडा रोज चढत गेला.

गुरुवारी खोतबाई आल्या. अढीतले दोन्ही आंबे पिवळे, विहिरीतला तिसरा तसाच हिरवा! बाईंनी फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. नानांनी श्वास रोखून धरला. मग बाईंनी दुसरी फोड उचलली.

“नाना,” त्या म्हणाल्या, “जूनमध्ये काड्या काढायला येते. शंभर कलमांची तयारी ठेवा.”

नाना चष्मा पुसायला लागले. खूप वेळ पुसत होते.

शाल्मलीने विहिरीतला तिसरा आंबा काढून गवतात ठेवला, शेजारी केळी घातली. केळ्यांतूनही तोच वायू निघतो.

“शाल्मली,” झेलूने विचारलं, “दुसऱ्या अढीची नोंद बाकी आहे. ती किती दिवसांनी उघडायची?”

“ती होय?” शाल्मली ओशाळून हसली. “ती झाकून ठेवली की आत नुसतं सडतं रे. मी उघडली रविवारीच. चुकलं माझं, झेलू. आधी तुला विचारायला हवं होतं.”

“नोंद केली,” झेलू म्हणाला.

“आता या आंब्याकडे तू बघ हं,” असं सांगून ती नानांकडे पळाली. कलमांसाठी जागा आखायची होती. या वेळी तिने आंबे मोजले नाहीत, आणि खोलीला कडीही घातली नाही.