वरच्या घरातलं फोडकाम

आमच्या स्वयंपाकघराचा ओटा काळ्या कडाप्प्याचा आहे. अजूनही तोच आहे. सिंक इतकं कोपऱ्यात की कढई घासताना कोपर भिंतीवर आपटतं. माळा इतका उंच की स्टुलावर चढल्याशिवाय डबा हाताला लागत नाही, आणि स्टुलाचा एक पाय आखूड. विश्रांतवाडीत हा फ्लॅट घेतला तेव्हा आधीच्या मालकाने स्वयंपाकघर ‘हवेशीर’ असल्याचं सांगितलं होतं. हवा येते, हे खरं आहे. तिच्याबरोबर आळंदी रोडची धूळ येते आणि डोक्यावरून जाणाऱ्या विमानांचा आवाजही. विमान आलं की आम्ही वाक्य अर्धवट सोडतो आणि ते गेल्यावर पुढे बोलतो.

यंदा हे सगळं काढून नवं करायचं ठरलं. खराडीत माझ्या ऑफिसच्या रस्त्यावर निकिता नावाची मुलगी स्वयंपाकघरांची कामं घेते. ती येऊन मापं घेऊन गेली, तिने नकाशा पाठवला, आणि मग आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. माझा नवरा समाधान सरकारी कचेरीत दिवसभर दुसऱ्यांच्या नकाशांवर शेरे मारतो. घरचा नकाशा हातात आल्यावर त्याला जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. रोज ताटं उचलली की तो पेन्सिल घेऊन बसायचा. इथे ट्रॉली, तिथे मिक्सरचा पॉइंट.

आमच्या खाली बापूराव राहतात. निवृत्त आहेत आणि निवृत्तीचा सगळा वेळ आमच्यावर खर्च करतात. आम्ही दिवाणखान्यात बुद्धाची तसबीर लावली, त्या दिवसापासून ते आमच्या उंबऱ्याच्या आत आलेले नाहीत. त्यांच्याकडच्या पूजेचा प्रसाद सगळ्या इमारतीत फिरतो, फक्त आमचं दार चुकतं. यात कोडं काही नाही. आम्ही त्या प्रसादाची वाट बघत होतो, असंही नाही.

एका रविवारी सकाळी त्यांनी बेल दाबली ती सोडलीच नाही.

“अहो, रविवारी तरी माणसाला झोपू द्याल की नाही?”

“काय झालं काका?”

“काय झालं म्हणे! पहाटेपासून छिन्नी-हातोडा चाललाय डोक्यावर. सोसायटीची परवानगी घेतलीय, की ते नियम फक्त आमच्यासाठी?”

मी बाजूला झाले. दारातून स्वयंपाकघर सरळ दिसतं. ओटा जागेवर होता, त्यावर चहाचं आधण होतं, आणि समाधान बनियनवर उभा राहून आलं किसत होता. बापूरावांनी मान लांब करून सगळं पाहिलं.

“झाकायला बरे हुशार आहात,” ते म्हणाले आणि उतरून गेले.

समाधान खदखदून हसला. “बाजारात तुरी म्हणतात ते हेच. अजून टाइलचा रंग ठरला नाही आणि यांची झोप उडाली.” मीही हसले. आदल्या संध्याकाळी त्याने नकाशात सिंकमागच्या टाइल्सवर पेन्सिलने फुली मारली होती, फोडायच्या म्हणून. ते मला तेव्हा आठवलं नाही.

पुढच्या आठवड्यात निकिताने सिंक खिडकीखाली घेतलं. नवा नकाशा आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी बापूराव मला जिन्यात आडवे आले.

“गळतंय. या, बघा. नंतर म्हणाल म्हातारा खोटं बोलतो.”

त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. त्यांच्या पत्नी, सत्यशीलाबाई, स्वयंपाकघरात पोळ्या करत होत्या. मी आत आले तसं त्यांनी पोळ्यांचा डबा उचलून पलीकडे ठेवला. बसा म्हणाल्या नाहीत. मी वर पाहिलं. खिडकीजवळ छताला हातभर ओल धरली होती, रंगाचे पोपडे सुटले होते, आणि खाली ठेवलेल्या बादलीत टपटप पाणी पडत होतं.

मी घरी येऊन त्याच जागी उभी राहिले. तिथे आमची गव्हाची कोठी आहे. ना नळ, ना पाइप. कोठी सरकवून मी फरशीवर तळहात टेकला. फरशी कोरडी होती, नुसती धूळ लागली. नकाशात मात्र बरोबर तिथेच नवं सिंक होतं.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. गोष्ट एकदा घडली तर योगायोग म्हणून सोडता येते. मुद्दाम पुन्हा घडवता आली तर सोडता येत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी ऑफिसात, कुणालाही न सांगता, मी माझ्याकडच्या नकाशात सिंक तिथून खोडलं आणि फ्रीजच्या जागी काढलं. संध्याकाळी खालची बेल वाजवली.

“ओल कशी आहे, काका?”

“तिथली वाळली. आता फ्रीजच्या वर धरलीय. रोज नवा खेळ मांडा तुम्ही, आम्ही बादल्या सरकवत बसतो.”

मी आत जाऊन पाहिलं. खिडकीजवळचं छत स्वच्छ पांढरं होतं. रंगाचा हात मारल्याची खूण नव्हती, पोपडा नव्हता. बादली मात्र फ्रीजशेजारी होती आणि तिच्यात पाणी पडत होतं. मला भीती वाटली. हे मी तेव्हा कबूल केलं नाही.

समाधानला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू चार दिवस सुट्टी काढ.”

“मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“जुनी इमारत आहे, कुठेही पाणी मुरतं. त्या माणसाला आपण वर राहतो हेच बोचतं, कल्याणी. आणि माझ्या आईचा जन्म चुलीपुढे उकिडवं बसून गेला. तुला तरी उभ्याने नीट काम करता यावं, एवढंच माझं म्हणणं आहे.” त्याने पेन्सिल उचलली. “माळ्यासाठी माणूसही नको. तो मीच काढणार.” आणि नकाशात माळ्यावर फुली मारली.

दुसऱ्या दिवशी बापूराव जिन्यात उभे होते. माझीच वाट पाहत असावेत. आवाज नेहमीचा नव्हता.

“काल कुणाला लागलं का हो?”

“कधी?”

“कधी काय? स्टूल गेलं ना खालून. आमची भांडी वाजली फळीवरची.”

मी कठडा धरला. “नीट सांगा काका. आधी काय ऐकलंत?”

“आता आमची साक्ष काढणार का?” ते चिडले. पण सांगितलं. “आधी तुमची हाक. नवऱ्याचं नाव घेऊन, एवढ्या जोरात. मग स्टूल. मग काही नाही. त्यानंतर हातोडासुद्धा वाजला नाही.”

त्या दिवसापासून मी घरात समाधानला मोठ्याने हाक मारणं बंद केलं. काही हवं असलं तर उठून त्याच्याजवळ जायची. आणि नकाशा बदलत राहिले. माळ्यावरची फुली खोडली. चिमणी रद्द केली. ओटा दुसऱ्या भिंतीला नेला. निकिता वैतागली. दर बदलानंतर मी खाली जाऊन त्या दारात उभी राहायची, आणि बापूराव जाळीच्या दाराआडूनच बोलायचे.

“तेच. हाक आणि स्टूल.”

“जागा?”

“तीच. ओट्यापाशी. अहो, तुमच्या घरात काय चालतं त्याची खबर आम्ही ठेवायची का आता? शेजार निवडता येत नाही, हेच आमचं दुर्दैव.”

शेवटी मी काम रद्द करायचं ठरवलं. समाधान इतका भडकलेला मी कधी पाहिला नव्हता.

“त्या म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून? ज्याने आपल्या घरचं पाणी कधी तोंडाला लावलं नाही, त्याच्या?”

“हो.”

“म्हणजे इथेही त्याचंच चालणार.”

“समाधान, मला तू हवा आहेस. ओटा नको.” मी हळूच म्हणाले. मोठ्याने बोलायची मला धास्तीच बसली होती.

त्याने टाइल्सचे नमुने पिशवीत कोंबले आणि पिशवी दाराबाहेर नेऊन ठेवली. मी निकिताला फोन करून नको म्हणून कळवलं. नकाशाचे कागद फाडले, फोनमधलेही काढून टाकले. समाधान माझ्याशी बोलत नव्हता, तरी मला हायसं वाटलं. राग काय, दोन दिवसांत उतरतो.

संध्याकाळी मी खाली गेले.

“आज काही ऐकू आलं का, काका?”

बापूरावांनी या वेळी जाळीचं दार उघडलं. माझ्याकडे बघत राहिले.

“नाही,” ते म्हणाले. “आज तुमच्याकडे अगदी शांत आहे. एवढी माणसं येऊनसुद्धा.”

“कुठली माणसं?”

त्यांनी जिन्यातून वर पाहिलं. “चपला पार आमच्या पायऱ्यांपर्यंत आल्यात.”

मी वळून पाहिलं. पायऱ्या मोकळ्या होत्या. वर आमच्या दारात समाधानच्या चपलांचा जोड आणि ती नमुन्यांची पिशवी, एवढंच होतं.

मी धावत वर गेले. समाधान सोफ्यावर पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही. मी त्याच्या खांद्याला हात लावला. खांदा उबदार होता.

“काय?” तो म्हणाला.

“काही नाही.”

मी कुकर लावायला वळले, इतक्यात दारावर हलकी टकटक झाली. बेल असताना कुणी टकटक करत नाही.

दारात बापूराव आणि सत्यशीलाबाई होत्या, दोघं अनवाणी. बाईंचा पदर डोक्यावर होता. बापूरावांच्या हातात ताटलीने झाकलेलं पातेलं होतं.

“पिठलं-भात आहे,” ते म्हणाले. “आज चूल पेटवू नका.”

आमच्याकडे पिठलं-भात शेजारी कधी आणून देतात, हे लहान पोरालाही माहीत असतं. माणूस गेलेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही.

माझ्या हातात पातेलं आलं. ते गरम होतं.

सत्यशीलाबाई उंबरा ओलांडून आत आल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. “दोन घास खाऊन घे, बाळ. आजची रात्र एकटी राहू नकोस. मी येते हवं तर सोबतीला.”

“कोण आहे गं?” आतून समाधानने विचारलं.

दोघांपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही.

“काका, समाधान आत आहे,” मी म्हणाले. “बोलला ना आत्ता. ऐकलंत ना?”

बापूरावांनी नजर खाली घातली. सत्यशीलाबाईंचा हात पाठीवरून फिरत राहिला.

“बरं, नवं काही करू देत नाहीस,” आतून समाधानचा आवाज आला. राग थोडा निवळला होता. “निदान माळा तरी आवरतो.”

स्वयंपाकघरात स्टूल सरकवल्याचा आवाज झाला. आमच्या पेन्सिलीची रेघसुद्धा खालून ऐकणाऱ्या त्या माणसाने मान वळवली नाही.

आखूड पाय फरशीवर एकदा खट्‌ वाजला.

मी समाधानला हाक मारली.